दादाची फुंकर

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, चहा बशीत ओतला आणि सवयीने फुंकर घातली. चहा हलला नाही. त्याच्या गळ्यावरचं गॉझ तेवढं थरथरलं.

डॉक्टर म्हणाले होते, घशाचा हा कॅन्सर क्वचितच कुणाला होतो. गाठीने श्वासाची वाटच बुजत आली, म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवली. आता श्वास तोंडापर्यंत येत नाही, आवाजही नाही. एवढं मला समजलं होतं. पण फुंकरही गेली, हे त्या बशीसमोर बसल्यावर कळलं.

लहानपणी माझं ढोपर फुटलं की दादाच फुंकर घालायचा. तिने जखमेला काय होत असेल, देव जाणे; रडणं मात्र थांबायचं. माया करायलाही श्वास लागतो, आणि तो इतक्या अरुंद वाटेने येतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

"द्या इकडे, मी निववते," वहिनी म्हणाली. तिने फुंकर घालून बशी परत त्याच्यापुढे ठेवली.

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने चहा पुन्हा कपात ओतला आणि कप खिडकीत, वाऱ्याला नेऊन ठेवला.