ओठांनी ऊब पाहणारा अजगर

तिगावजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत एका थंड सकाळी अजगर निघाला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट... हे गेले त्याला वर्षही झालं नव्हतं. माझ्या हाताशी उरली होती एक शेळी आणि तिचं दोन दिवसांचं पिल्लू.

शेळी बाहेर चरत होती, पिल्लू बागेतल्याच गोठ्यात मोकळं. अजगर अंधाऱ्या कोपऱ्यात वेटोळं घालून पडलेला. शेजारच्या बागेतले देवरावभाऊ पोतं घेऊन आले, वाकून पाहिलं आणि हसले.

"वैनी, डोये पाहा त्याचे, दुधावानी झाले. कात टाकून राहिला तो. आंधया सापाले काय दिसते? चहा मांडा आधी."

मी वळणारच होते... तेवढ्यात पिल्लू डावीकडे सरकलं आणि ते डोकं डावीकडे वळलं. पिल्लू थांबलं, डोकं थांबलं. डोळे तर पांढरे!

मी झेप घेऊन पिल्लू छातीशी धरलं. ते डोकं आता माझ्याकडे वळलं. त्याच्या ओठांच्या कडेला मला बारीक खाचा दिसल्या.

"अवो, याले तं दिसते ना!" देवरावभाऊ चहा विसरले. आम्ही दोघांनी त्याला पोत्यात घातलं, टेकडीकडच्या नाल्यात सोडलं.

शाळा माझी चौथीपर्यंतच. पण त्या खाचांनी मला वाचायला लावलं... वर्षानुवर्षं, मिळेल ते.

अजगर त्या खाचांनी ऊब टिपतो. आपल्या चेहऱ्याला ऊन-गार सांगणारी जी नस, तीच त्याच्यात तीक्ष्ण होत गेली. ज्याला ऊब जरा जास्त कळली त्याला भक्ष्य मिळालं, त्याची पिल्लं जगली... अशा लाखो वर्षांच्या पिढ्या. हिरव्या चापड्यातही, त्या विषारी सापातही, हीच जाणीव आहे, पण ती वेगळ्या वाटेने घडली. कुणी शिकवलं नाही, कुणी ठरवलं नाही!

अलीकडे आणखी एक वाचलं. मोहरीचा झणका आपल्याला ज्या सूक्ष्म कणामुळे कळतो, त्याच जातीचा कण अजगराच्या ओठांत ऊब ओळखतो.

परवा लोणच्यासाठी मोहरी फेसत होते. नाकात झणका गेला, डोळे भरून आले. ह्यांना असं लोणचं फार आवडायचं... मी हात थांबवला, आणि कितीतरी वेळ त्या झणक्याचंच नवल करत बसले. सगळ्या जिवांच्या एवढ्या मोठ्या, जुन्या गोतावळ्यात माझाही एक धागा आहे म्हणायचा.