केळीला एक तांब्या
गावाला निघण्याआधी बाल्कनीतल्या कुंड्यांना ठिबकची नळी जोडली, ओल्या मातीचा वास आला आणि सातवीतली ती केळ आठवली. चाळीसगावच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची नळी डब्याला लावून मी केळीच्या रोपाला थेंब थेंब पाणी सोडलं होतं. खाली ‘पाणी वाचवा’ असा रंगवलेला तक्ता. ठिबक तेव्हा आमच्याकडे नवीनच होतं. माझे आजोबा, सगळ्यांचे आबा, बराच वेळ तो थेंब बघत उभे राहिले. “इतलासा पानीमा केळ कशी जगी, माय?” म्हणत त्यांनी अख्खा तांब्या कुंडीत रिकामा केला. गाळ टेबलभर पसरला, तक्त्याचे रंग ओघळले आणि नेमके तेव्हाच परीक्षक समोर आले. मला रडूच फुटणार होतं. “हे काय?” त्यांनी विचारलं. “ही जुनी पद्धत, सर,” मी म्हणून टाकलं. ते खो खो हसले आणि जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी माझं नाव लिहून घेतलं. घरी जाताना आबा मात्र समाधानानं म्हणाले, “मी व्हतू म्हनीसन वाचनी ती केळ.” आज नळी नीट तपासली, दाराला कुलूप लावलं, आणि ते पुन्हा उघडून प्रत्येक कुंडीत एकेक तांब्या ओतून आले.