काकूंचा राहिलेला विषय

उमेदवाराचा तपशील पुढीलप्रमाणे. लिंग: स्त्री. वय: एकेचाळीस पूर्ण. वैवाहिक स्थिती: विवाहित, समाधानकारक. ओळखीची खूण: चष्मे दोन, पैकी एक डोळ्यांवर व दुसरा केसांत, शोध नेहमी तिसऱ्याचा. सदर उमेदवाराने इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकीचे सर्व विषय पूर्वीच उत्तीर्ण केले असून ‘डिजिटल कम्युनिकेशनची मूलतत्त्वे’ हा एकमेव विषय प्रलंबित आहे. प्रलंबनाचे कारण: परीक्षेच्या दिवशी प्रसूती. सदर प्रसूतीतून निष्पन्न झालेला मुलगा हल्ली दाढी करतो. यंदाची संधी अखेरची असून, ती वाया गेल्यास आधी उत्तीर्ण केलेले विषयही केलेच नव्हते असे समजण्यात येईल.

तपशिलात चूक काढायला जागा नाही. एवढंच, की कॉलेजात कुणी त्यांना ‘उमेदवार’ म्हणत नसे. मोठ्या दिरांची मुलगी त्याच वर्गात होती. तिने पहिल्या दिवशी भर वर्गात “काकू, इथे बस!” अशी हाक मारली, आणि आठवड्याभरात सगळा वर्ग, ग्रंथपाल आणि फाटकावरचा पहारेकरी त्यांना काकू म्हणू लागले. अडचण झाली ती फक्त सरांची.

कारण विषय शिकवणारे सर हे काकूंचे जुने वर्गबंधू. एका बाकावर बसलेले. त्या काळी सरांची प्रयोगवही काकूंच्या अक्षरात असे. आता मधे टेबल आलं होतं आणि सरांच्या गळ्यात टाय. एकेरी हाक मारणं शोभेना, काकू म्हणणं जिवावर येई. एकदा त्यांनी “अहो…” अशी सुरुवात करून पाहिली, तर वर्ग फिदीफिदी हसला आणि सरांचे कान लाल झाले. तेव्हापासून ते “मागच्या बाकावरून उत्तर यावं” असं, कर्त्याचा पत्ता लागू न देता, विचारू लागले.

काकूंच्या यजमानांचं कॉलेजच्या फाटकासमोरच झेरॉक्सचं दुकान. या विषयाच्या नोट्सच्या प्रती त्यांच्या मशिनीतून इतक्या निघाल्या होत्या, की कुठल्या पानावर आकृती पुसट येते हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. “इतकी वर्षं याच विषयावर आपलं घर चाललंय,” ते म्हणत, “तुला जड जायचं कारणच काय?”

सासूबाईंचा दृष्टिकोन वेगळा. घरात मिक्सर बंद पडला की त्या आतूनच ओरडत, “बोलवा आमच्या अर्ध्या इंजिनिअरला!” मिक्सर सुरू झाला तर “अर्धी असून जमवलंन हो,” आणि नाही झाला तर “अर्धीच ना शेवटी.” दोन्हींत कौतुक होतं असं सासूबाईंचं म्हणणं. काकूंनी ते इतकी वर्षं हसून ऐकलं होतं. पण शेवटच्या संधीचं पत्र आल्यावर रात्रीची भांडी आवरून झाली, तशा त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “आता अर्धीसुद्धा राहायची नाही मी.” नवऱ्याने दुसऱ्या दिवशी मोफत प्रती काढून आणल्या. पुसट पानांसकट.

अभ्यासाला काकू घरातल्या घरात उदाहरणं शोधत. एकेचाळीस पूर्ण झाल्यावर वरचे महिने कुणी मोजत नाही. ते महिने क्वांटायझेशनमध्ये, म्हणजे पूर्ण आकड्यात बसवण्यात, गेले. सासूबाई दर तासाने खोलीत डोकावत आणि दर वेळी सून पुस्तकात मान घालून बसलेली दिसे. मधल्या वेळात ती काय करते, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. नमुने फार लांब लांब अंतराने घेतले की असा भलताच आकार हाती लागतो, हे काकूंना पुस्तकात मागाहून सापडलं. तोवर मधल्या वेळातल्या उशीचा अनुभव दांडगा झाला होता.

खरी गोष्ट प्रयोगशाळेतली.

प्रयोग असा: एका पेटीतून शून्य आणि एक पाठवायचे. शून्यासाठी रुंद लाटा, एकसाठी बारीक. शेजारची पेटी, म्हणजे रिसीव्हर, त्या लाटा ओळखून पुन्हा शून्य आणि एक करून देणार. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाठवलेलं वर, मिळालेलं खाली. दोन्ही सारखं दिसलं की सरांची सही. यात एकच उणीव होती: रिसीव्हर काही बोलत नसे. कुणालाच आठवत नव्हतं तेव्हापासून बोलत नव्हता. त्यावर तोडगाही तितकाच जुना. ऑसिलोस्कोपच्या दोन्ही वायरी पाठवणाऱ्या पेटीच्या एकाच भोकात खोचायच्या. वर तेच, खालीही तेच, केसाचा फरक नाही. ही विद्या दरवर्षी वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे अगदी निष्ठेने जाई. सरांना हे माहीत होतं की नाही याबद्दल वर्गात दोन मतं होती. काकूंना मताची गरज नव्हती. सरांनी स्वतः हा प्रयोग केला तेव्हा त्या शेजारीच बसल्या होत्या.

काकूंना मात्र एक खोड होती. कुठलीही वस्तू आधी पुसायची, मग वापरायची. त्यांनी रुमाल काढून रिसीव्हर पुसला, कोपऱ्यातली काळी घुंडीही पुसली, आणि पडद्यावरची खालची मेलेली रेघ उड्या मारू लागली.

“काकू! काय केलंस?” पुतणी किंचाळली.

“पुसलं.”

“आधी होतं तसं कर बघू.”

“आधी मेलेलं होतं गं.”

पुढचे तीन-चार तास काकू ती घुंडी इकडून तिकडे फिरवत बसल्या. रिसीव्हरला आधी त्या दोन लाटांच्या पट्टीवर आणावं लागतं, तानपुरा लावावा तसं, हे हळूहळू उमगलं. फक्त मिळालेली रेघ वरच्या रेघेसारखी हुबेहूब येईना. जराशी मागून येई, आणि कोपरे गोलसर.

सरांनी पडद्याकडे पाहिलं. “सारखं नाही.”

“पण हे खरं आलंय, सर.”

“खालचं मागे पडलंय. बाहेरून येणारे एक्स्टर्नल मार्क कापतील.” मग सरांनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला आणि कित्येक वर्षांनी त्यांच्या तोंडून ते आपोआप निघालं, “हे बघ, तुझी शेवटची वेळ आहे. उगाच हट्ट करू नकोस. सगळे करतात तसं कर आणि सुटून जा.”

हे त्यांनी मनापासून सांगितलं होतं. म्हणून तर काकूंना ते लागलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी पुतणीही मागे लागली. “काकू, प्लीज. दोन्ही एकाच भोकात घाल. आजी घरी वाट बघतेय, काका दुकान बंद करून बाहेर उभा आहे.” काकूंनी घातल्या. पडद्यावर दोन जुळी भावंडं उमटली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“काय झालं?” पुतणीने विचारलं.

“स्वतःच चिठ्ठी लिहायची आणि स्वतःच वाचून म्हणायचं, वा, पोचली!” काकू म्हणाल्या. “इतकी वर्षं राहिलेला विषय असाच सोडवायचा तर इतकं थांबले कशाला? ही विद्या तेव्हाच येत होती. सर होतेच शेजारी.” आणि त्यांनी एक वायर उपटून रिसीव्हरला लावली. पुतणीने कपाळावर हात मारला आणि आपल्या टेबलाकडे पळाली.

एक्स्टर्नल म्हणून आलेल्या मॅडम दूरसंचार खात्यातल्या, निवृत्तीला टेकलेल्या, पायांत कापडी बूट, हातात बिस्किटाचा पुडा. त्या आधी पुतणीपाशी थांबल्या. सूत्रं विचारली. पुतणीने धाडधाड सांगितली. मॅडम खूश झाल्या. मग त्यांनी वाटेतल्या लाटांत मुद्दाम खरखर मिसळणारं गोंगाटाचं बटण सहज थोडं वाढवलं. पडद्यावर काही फरक नाही. आणखी वाढवलं. नाही. अखेरपर्यंत फिरवलं.

“एकही चूक नाही?” मॅडम म्हणाल्या.

“आमचा रिसीव्हर फार चांगला आहे, मॅडम.”

“दिसतंय. बंद कर बघू तो.”

पुतणीने रिसीव्हर बंद केला. लाल दिवा विझला. पडद्यावर निरोप सुखरूप येतच राहिला.

मॅडमनी बिस्किट खाल्लं. “असा रिसीव्हर आमच्या खात्यात कधी मिळाला नाही,” त्या म्हणाल्या. “विजेची केवढी बचत झाली असती.” सर छताच्या पंख्याकडे पाहत होते. तो बंद होता.

मग मॅडम काकूंच्या टेबलाशी आल्या. बटण फिरवलं; खालच्या रेघेत एक चुकला, मग तीन चुकले, मग सगळी धूळधाण. गोंगाट कमी केला; रेघ सावरली. रिसीव्हर बंद केला. रेघ आडवी झाली. पुन्हा सुरू केला. जरा अडखळून उठली आणि मागून मागून चालू लागली.

“हे मागे का?” मॅडमनी विचारलं.

सरांनी डोळे मिटले.

“थोडी लाट डोळ्यांखालून गेल्याशिवाय ती रुंद की बारीक ते कळत नाही, मॅडम,” काकू म्हणाल्या. “कळल्यावरच बोलायचं, तर उशीर होणारच. घाई केली की चुकतं.”

“बरं. याला बँडविड्थ किती लागेल? सूत्र सांगा.”

काकूंना सूत्राचा पूर्वार्ध आठवला. उत्तरार्धासाठी त्यांनी केसांतला चष्मा काढून डोळ्यांवरच्या चष्म्यावर लावला. तिथेही तो नव्हता. पुढचं सूत्र विचारलं. त्याचा उत्तरार्ध आठवला.

“दोन्ही मिळून एक होतंय,” मॅडम म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहून पुढच्या टेबलाकडे गेल्या. तिथल्या दोघांनी तोवर एकेक वायर उपटली होती आणि आता ती कुठे खोचायची ते त्यांना माहीत नव्हतं. काकूंनी जाऊन घुंडी लावून दिली. मग तिसऱ्या टेबलाने हाक मारली, मग पुतणीने, आणि संध्याकाळपर्यंत काकू रुमाल घेऊन टेबलाटेबलावरून फिरत होत्या.

मुलं पांगल्यावर सर रिसीव्हरपाशी आले. घुंडी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे फिरवून पाहिली.

“ही होती होय इथे?”

“आपण होतो तेव्हाही होती,” काकू म्हणाल्या.

“मला वाटलं, नुसता स्क्रू आहे.”

“तू पुसलं असतंस तर कळलं असतं.”

सर हसले. बऱ्याच वर्षांनी हसले असावेत. टाय सैल करावा लागला.

निकाल यथावकाश जाहीर झाला. सदर उमेदवार सदर विषयात उत्तीर्ण झाल्याचे घोषित करण्यात येऊन पदवी प्रदान करण्यास मंजुरी देण्यात आली. पुतणीला त्यांच्यापेक्षा तीन मार्क जास्त होते.