पिवळा टोनर आणि मयूरची हळद

डोंबिवली पश्चिमेला रस्ता खाडीकडे उतरतो, तिथे राघो म्हात्रे यांची 'गोदाई' ही पाच मजली बिल्डिंग आहे. राघोबाबा तरुणपणी त्याच खाडीच्या मिठागरात मीठ ओढायचे. आता ते गच्चीवर बसून भाडेकरूंच्या गाड्या मोजतात. तळमजल्यावर चार गाळे. तीन भाड्याने दिलेले. चौथा जिन्याखालचा, उभं राहिलं तर डोकं आपटेल असा, तो थोरल्या सुनेचा. पाटीवर लिहिलंय, 'दर्शना झेरॉक्स'.

गावातल्या बायकांना हा गाळा फार दिवस पचला नाही. "एवढी भाडी येतात, आणि सून दोन-दोन रुपयांच्या झेरॉक्स काढत बसते. घरात काहीतरी बिनसलंय गो!" असं नळावरही बोललं जायचं आणि देवळातही. बिनसलेलं काही नव्हतं. घरात अकरा माणसं होती, एवढंच. अकरा माणसांच्या घरात थोरल्या सुनेला दिवसातून किती वेळा "दर्शना, जरा चहा टाक गं" ऐकावं लागतं, हे तिने एकदा मोजलेलं. सतरा. त्यात पाहुण्यांचे धरले नव्हते. गाळ्यात एक फिरती खुर्ची होती, एक छोटा पंखा होता, आणि दहा ते सात चहाचं नाव काढायला कुणी नव्हतं. त्या खुर्चीसाठी दर्शना काहीही करायला तयार होती. झेरॉक्स हे निमित्त.

नवरा नयन खोपटच्या एसटी डेपोत वर्कशॉपला. भला माणूस. कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, "बघू." सासऱ्यांनी मात्र गाळा देतानाच काय ते बघून घेतलेलं.

"गाला तुझा," राघोबाबा म्हणाले होते. "पन एक आयक. दुकान आपल्या पायाव उभा रायला पायजे. ज्या दिवशी घरात पैसं मागाला येशील, त्या दिवशी शटर खाली न गाला मयूरचा."

मयूर म्हणजे धाकटा दीर. त्याला तिथे इस्टेट एजन्सीचं ऑफिस थाटायचं होतं. येता-जाता तो गाळ्याची लांबी पावलांनी मोजायचा आणि हसून म्हणायचा, "सहज गं वहिनी."

काळं झेरॉक्स मशीन दर्शनाने माहेरच्या पैशातून घेतलेलं. जुनं, जाडजूड, चालताना घोरायचं, पण कधी अडलं नाही. दोन वर्षांनी गिऱ्हाईक कलर मागायला लागलं, तेव्हा तिने कलर लेझर प्रिंटर घ्यायचं ठरवलं आणि मुलाच्या जुन्या गणिताच्या वहीत तीन मशीनं मांडली. नुसत्या मशीनच्या किमतीवर ती भुलली नाही. चारी रंगांचे टोनर कितीला, एका टोनरमध्ये पानं किती, हे सगळं तिने ठाण्याच्या दोन दुकानदारांना विचारून लिहिलं. पहिलं मशीन पंचवीस हजारांचं, पण टोनरचा संच सत्तावीस हजारांचा आणि पानं जेमतेम तेराशे. तिसरं मशीन तिप्पट महाग, पण टोनर सात-सात हजार पानं चालणारा. पहिल्याचं पान वीस रुपयांच्या वर जात होतं, तिसऱ्याचं सात-आठ रुपयांत. तिने तिसऱ्याभोवती लाल गोल केला आणि आपल्याच भिशीवर डोळा ठेवून महिने मोजायला लागली.

वही काउंटरवर होती. मयूरने ती चाळली. त्याने वाचला फक्त पहिला, किमतीचा रकाना.

आठ दिवसांनी दसरा. राघोबाबा पंधरा-वीस माणसं घेऊन गाळ्यापाशी आले. पुढे मयूर, त्याच्या हातात झेंडूचा हार घातलेलं खोकं. मशीन पहिलं. पंचवीस हजारांचं.

"वहिनी, तू पाऊण लाखाचं बघत होतीस!" मयूर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी रेट काढला. पन्नास हजार वाचवले तुझे."

"सुनेला माझ्याकडशी भेट," राघोबाबा म्हणाले आणि नारळ फोडला. मशीनवर कुंकवाचं बोट उमटलं. फोटो निघाला. दर्शना पदर सावरून पाया पडली. दुसरं करणार काय? सासऱ्याने गावादेखत दिलेली भेट परत करता येत नाही, विकता येत नाही, आणि तिला नावं तर मुळीच ठेवता येत नाहीत. ही भेट नाकारायची तर गाळ्यावर पाणी सोडायचं.

मशीनसोबत आलेले टोनर अर्धेच भरलेले असतात, हे पंधरा दिवसांतच कळलं. मग दर्शना काळ्या झेरॉक्सवर जे कमवायची ते कलर मशीन खायचं. दुकान चालवायचं ते मशीनसाठी, आणि मशीन पोसायचं ते दुकान टिकावं म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय छान जम बसवलाय पोरीने.

त्यात घरची कामं. आपल्याच घरातलं मशीन म्हटल्यावर भाचीचा वाढदिवस, पुतण्याच्या बारशाची पत्रिका, मंडळाचं पोस्टर, सगळं फुकट. एकदा तिने स्वस्तात टोनर भरून घ्यायला विठ्ठलवाडीला सूरज नावाच्या रिफिलवाल्याला गाठलं. त्याने टोनर हातात फिरवला आणि चष्म्यावरून बघितलं.

"ताई, भरून देतो. पण ह्याच्यात चिप आहे. मशीनने ओळखलं नाही तर मला फोन करायचा नाही."

मशीनने ओळखलं नाही. ओळखलं तर नाहीच, वर 'चुकीचा टोनर' म्हणून तीन दिवस लाल दिवा लावून बसलं. दर्शनाने फोन केला नाही.

मग मयूरचं लग्न ठरलं.

लग्नाची पत्रिका ठाण्याहून, मखमली डबीतली. पण आमच्या ह्या गावांत लग्नाला कमी आणि हळदीला जास्त माणूस येतो, हे सांगायला नको. हळदीची पत्रिका वेगळी, आणि ती घरच्या दुकानात, हे सांगायचीही कुणाला गरज वाटली नाही.

"सहाशे काढ वहिनी. मागे फुल पिवळा. हळदीसारखा गच्च," मयूर म्हणाला.

आता कंपनी तेराशे पानं म्हणते ती कसली? पानावर कोपऱ्यात चार ओळी असतील अशी. गच्च पिवळं पान म्हणजे टोनरच्या दृष्टीने आख्ख्या गावाला जेवण. दर्शनाने हिशेब केला, पानात दोन पत्रिका बसवल्या, पिवळा जरा फिका धरला. तरी दोन पिवळे टोनर लागणार होते. भिशी मोडून तिने ते आणले. तिसऱ्या मशीनच्या लाल गोलासाठी ठेवलेली ती भिशी.

निमंत्रकांची यादी मयूरने फोनवर बोलून पाठवली. सत्तेचाळीस नावं. जिमवाला, केबलवाला, क्रिकेट टीमचा कॅप्टन. दर्शनाने जसंच्या तसं टाइप केलं. सहाशे पत्रिका निघाल्या, वाटायला गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दगडूमामा गाळ्याच्या दारात उभे. दगडूमामा म्हणजे सासूबाई गोदाबाईंचे सख्खे भाऊ, नवरदेवाचे मामा. हातात पत्रिका, चष्मा कपाळावर.

"सत्तेचालीस नावा हान," ते शांतपणे म्हणाले. ते शांत असले की गाव घाबरतं. "जिमवाल्याचा नाव हाय. केबलवाल्याचा हाय. मामाचा कं नाय?"

दर्शनाने मयूरला हाक मारली. मयूर धावत आला. "मामा, अरे, चुकून राहिलं! वहिनी तुमच्या नावाची एक पट्टी छापेल, वरून चिकटवू."

"मामाला पट्टीव? उद्या पाट पन दाराबाहेर मांडशील. मना नय यायचा तुझ्या हलदीला."

मामाशिवाय हळद म्हणजे गावभर वर्षभराची करमणूक. राघोबाबा खाली उतरले, सगळं ऐकलं आणि निकाल दिला, "सगल्या पत्रिका परत छापायच्या. मामाचा नाव पयला. आयतवारपरत." आणि जाताना सुनेकडे बघून म्हणाले, "मशीन तर घरचाच हाय."

रविवारला चार दिवस होते. दर्शनाने मामांचं नाव सगळ्यात वर घातलं आणि बटण दाबलं. एकोणीस पानं निघाली. विसाव्याला मशीन थांबलं. पिवळा संपला.

तिने विचार केला, निदान बाकीचं काळ्यात काढू. पण हे मशीन असं मानी, की पिवळा नसेल तर काळंही छापत नाही. काळा भरलेला, निळा तर जवळजवळ कोरा, तो ह्या गावात कुणालाच नको असतो. तरी लाल दिवा.

ती खुर्चीत बसून राहिली. घरात पैसे मागावेत, तर शटर खाली आणि गाळा मयूरचा. मागू नयेत, तर पत्रिका नाहीत, मामा नाहीत, आणि सगळं गाव म्हणणार, दिराला गाळा मिळू नये म्हणून थोरलीने मुद्दाम केलं. नयनला फोन लावला. तो म्हणाला, "बघू." बाहेर मयूर मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता, "हो हो, लग्नानंतर लगेच, आपल्याच गाळ्यात."

पंख्याखाली ती रडली, पण बेताने. गिऱ्हाईक आलं तर पुसायला सोपं जावं इतकंच.

आलं ते गिऱ्हाईक नव्हतं. गोदाबाई होत्या. भावाची समजूत घालून परत येताना सुनेचे डोळे दिसले, म्हणून वाकून आत शिरल्या.

"गो, रडतंस कनाला?"

एवढं विचारल्यावर दर्शनाचं सगळं बाहेर पडलं. वही, तीन मशीनं, लाल गोल, अर्धे टोनर, विठ्ठलवाडी, भिशी. आणि शेवटी वैतागून म्हणाली, "आई, चारी टोनर घ्यायचे तर ते मशीनपेक्षा महाग. त्यापेक्षा दर वेळी नवं मशीन आणलेलं परवडेल!"

गोदाबाईंना चिप कळली नाही, टोनर अर्धवट कळला. मिठागरात टोपल्या मोजलेल्या बाईला संपलेलं मात्र बरोबर कळतं.

"ह्या काला मशीन चालतंय ना?" त्यांनी घोरणाऱ्या झेरॉक्सवर हात ठेवला.

"ते चालतं. पण पिवळं कुठून आणू?"

"हलदीची पत्रिका हाय गो. हलद घरात नाय काय?"

दुसऱ्या दिवशी सहाशे पत्रिका पांढऱ्या कागदावर काळ्या मशीनने काढल्या आणि भावकीतल्या नऊ बायका गच्चीवर बसल्या. परातीत हळद कालवली. एकेक पत्रिका पुढे यायची, तिच्यावर एकेक पंजा उठायचा. टोनरची पूड कागदाला तापून चिकटलेली असते, ओल्या हळदीने अक्षर हललं नाही. दोऱ्या बांधून पत्रिका वाळत घातल्या. कोपऱ्यावरून जाणाऱ्या रिक्षा थांबून वर बघत होत्या. कुणी गाणं धरलं, कुणी मयूरच्या होणाऱ्या बायकोच्या उंचीवर बोललं, आणि दर्शनाला दसऱ्यानंतर पहिल्यांदा वाटलं, सुटले.

दगडूमामांच्या हातात पत्रिका पडली. सगळ्यात वर त्यांचं नाव, आणि नावावर पंजा. त्यांनी बोटं निरखून बघितली. "ह्यो गोदाचा हात. करंगली वाकडी हाय," म्हणाले, आणि घरात जाऊन हळदीचे कपडे इस्त्रीला टाकले.

हळद जोरात झाली. नाचून-नाचून लोकांचे पाय सुजले. मध्येच राघोबाबांनी डीजे थांबवला आणि माईक हातात घेतला.

"माझ्या सुनेनी," ते म्हणाले, "घरात एक पैसा मागला नाय. मामाचा मान राखला. असली पत्रिका पंचक्रोशीत कुनी काढली नाय. गाला तिचा. मयूरनी त्याचा नाव काढाचा नाय."

टाळ्या पडल्या. दर्शनाच्या तोंडाला हळद होती म्हणून बरं, नाहीतर तिचं हसू साऱ्या मंडपाला दिसलं असतं.

"न तिची एक अडचन हाय, ती मना तिच्या सासूनी सांगली," राघोबाबा पुढे म्हणाले. "ती पन सोडवली."

गर्दीतून नवरदेव मयूर पुढे आला. अंगभर पिवळा, कपाळाला मुंडावळ्या, हातात हार घातलेलं खोकं. खोक्यावरचं चित्र दर्शनाच्या ओळखीचं होतं.

"वहिनी, ह्या वेळीपण रेट मीच काढला," तो तिच्या कानाशी वाकला. "टोनर सत्तावीस हजार, मशीन पंचवीस. तूच आईला बोललीस ना? एकदम बरोबर बोललीस. टोनर कोण घेतं?"

नारळ फुटला. दर्शना पाया पडली. फोटो निघाला.

लग्न उरकून सोमवारी गाळा उघडला तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. काळं मशीन, जुनं कलर, नवं कलर, कागदाची रिमं, आणि दसऱ्याच्या न् हळदीच्या दोन्ही फोटोंच्या फ्रेमी, एवढं सगळं त्या गाळ्यात मावत नव्हतं. नवं मशीन मागे गोदामात ठेवावं, तर गोदाम नाही. घरी ठेवावं, तर बाबा विचारणार. मयूर मापं घेऊन तयारच होता, पावलांनी मोजून म्हणाला, "बसतंय वहिनी. फक्त खुर्ची बाहेर."

फिरती खुर्ची जिन्यापाशी आली. गोदाबाईंच्या खिडकीच्या बरोबर खाली.

पहिलं गिऱ्हाईक भावकीतलीच आसावरी होती. लेकीची हळद होती तिच्या. "दर्शना, तुमच्यासारखीच पत्रिका पायजे, हाताची. पण मधे फोटो टाक हां कलरमध्ये. सगल्यांचे. आता काय, दोन-दोन मशीनं हायेत तुझ्याकडे." पैशांचं ती काही बोलली नाही. भावकीत कोण बोलतं?

दर्शनाने वही काढली. लाल गोल अजून तिथेच होता. तिने पान उलटून आसावरीच्या निमंत्रकांची नावं लिहायला घेतली, मामाचं आधी. तिसऱ्या नावापर्यंत आली असेल नसेल, तोच डोक्यावरची खिडकी उघडली.

"दर्शना," गोदाबाई प्रेमाने म्हणाल्या, "हितंच बसलंयस तर जरा वर ये न् चहा टाक गो. मामा आयलेत."