पितळी पाटी आणि चार स्क्रू

तो तपास आठवला की आजही आधी हायसं वाटतं आणि मागोमाग थोडी लाजही वाटते. मी तेव्हा पिंपरी-चिंचवडमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऐन नवरात्रात हद्दीतल्या जुन्या बस डेपोच्या भिंतीवरची पितळी पाटी नाहीशी झाली. या भागातली पहिली बस इथून सुटली, असं तिच्यावर कोरलेलं होतं. साहजिकच वरून फोनवर फोन.

दुसऱ्याच दिवशी खबऱ्याने बातमी आणली. पाटी गेली त्याच दिवशी डेपोचा सुरक्षारक्षक भरदुपारी सायकलवर जड पोतं घेऊन गेला होता. पितळ म्हटलं की आम्हा पोलिसांना भंगारवाला आठवतो आणि मग वॉचमन. रक्षकाला बोलावून घेतलं. लातूरकडचा, ठेकेदाराकडे कामाला. बायको बाहेर बाकावर पदर तोंडाशी धरून बसलेली.

"पोत्यात काय होतं?"

"दळण होतं साहेब. गिरणीत नेलतं."

गिरणीवाल्याला काहीच आठवेना.

"डेपोत बाहेरचं कोणी आलं होतं?"

"कुणीच न्हाई आलतं, साहेब."

झालं! माझ्या लेखी हा गडी स्वतःच अडकला. अटक झाली तर कामावर येऊ नको, असा ठेकेदाराचा निरोपही आला. उद्या अटक दाखवायची, हे मी मनाशी ठरवून टाकलं आणि त्याला सकाळी हजर राहायला सांगितलं.

सकाळी खंडेनवमी. ठाण्यात शस्त्रपूजेची गडबड. आमचे हवालदार व्हरांड्यातली पितळी घंटा उतरवून चिंचेने घासत होते. घंटा खाली होती, पण तिचा बोल्ट त्यांनी पुन्हा कडीत घट्ट पिळून ठेवला होता.

"हे कशाला?"

"परत टांगायचीय ना साहेब. बोल्ट हरवला तर शोधत बसा!"

मी ताडकन उठून पंचनामा काढला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'भिंतीत चारही स्क्रू घट्ट बसवलेले आढळले.' खाली सही माझीच. पाटी चोरणारा स्क्रू परत कशाला पिळत बसेल? हा माणूस पाटी परत लावणार होता.

रक्षकाला पुन्हा समोर बसवलं. "त्या दिवशी आत कोणकोण आलं, सगळ्यांची नावं सांग."

त्याने चालक-वाहक मोजले, झाडूवाल्या मावशी सांगितल्या. "अन् थेरगावचे मिस्त्री, पिशवी घेऊन."

"ते तर डेपोतून कधीच निवृत्त झालेत! काल का नाही बोललास?"

"तुम्ही बाहेरचं कोण आलं म्हणून इचारलं, साहेब. मिस्त्री काय बाहेरचे हायत का?"

त्याला गाडीत घेऊनच थेरगाव गाठलं. मिस्त्री तापाने अंथरुणाला खिळलेले, आणि पाटी देव्हाऱ्यापाशी लखलखत होती.

"व्हय, मीच आनली. दर खंडेनवमीला उजळून एका रातीत परत लावतो, कुनाला कळतबी न्हाई. त्या पयल्या गाडीचं काम माझ्या बाच्या हातचं हाय. तापानं गाठलं, न्हाईतर कवाच लावली असती." मग रक्षकाकडे बघून म्हणाले, "भावा, आज तू लाव."

डेपोत परत येऊन रक्षकाने चारही स्क्रू काढून पाटी बसवली, झेंडूचा हार घातला आणि बायकोला फोन लावला. "न्हाई गेली नोकरी," एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. मला तर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. एका निरपराध माणसाच्या पोटावर पाय देता देता मी वाचलो होतो.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत 'बाहेरचं कोणी आलं होतं का' असं मी एकाही साक्षीदाराला विचारलं नाही. कोण आलं, एवढंच विचारलं.