पहिला डाव भाच्याचा

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसलो होतो. "मामा गेला रे," एवढंच ती म्हणाली. मामाजी सकाळी राइस मिलमध्ये कामावर आले नाहीत, म्हणून मिलमधला एक सोबती सायकल काढून त्यांच्या गावी गेला. गोंदियाजवळ, कामठ्याच्या पुढे त्यांचं गाव. दार नुसतं लोटलेलं होतं आणि मामाजी खाटेवर एका कुशीवर... झोपेतच गेले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. पुण्याहून गोंदिया काही जवळ नाही. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. आज या गोष्टीला दीड महिना होतोय. या दीड महिन्यात मला त्यांचा चेहरा कमी आठवला आणि गेल्या दिवाळीतलं आमचं फोनवरचं बोलणंच जास्त.

"मंडईले येऊन राहिला का बाबू?" त्यांनी दिवाळीनंतरच्या जत्रेचं विचारलं होतं. "गेमची नवी कॅसेट आणली हाय."

"सुट्टी नाही मामाजी. आणि आता सगळे गेम मोबाइलवरच असतात. ती भंगाराची पेटी विकून टाका एकदाची."

ते हसले. "मोबाइलात दुसरा कुठी बसते रे?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला ते वाक्य इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी ते ऑफिसात चारचौघांना ऐकवलं. त्यात एक प्रश्न होता, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

मामाजी आईचे धाकटे भाऊ. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे आमच्याकडे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. गोंदियाच्या एका मिलमध्ये ते मशीन चालवायचे, अंगावर सदैव कोंड्याची पिवळसर पूड. आम्ही नागपूरला राहायचो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला त्यांच्याकडे घेऊन यायची. आमच्याकडे भाच्याला देवाचा मान असतो, मामा भाच्याच्या पाया पडतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या माझ्या मित्रांना हे सांगितलं की ते चेष्टा समजतात. पण बसमधून उतरल्या उतरल्या तो आडदांड माणूस भर रस्त्यात वाकून माझ्या धुळीनं भरलेल्या चपलांना हात लावायचा, आणि मी दहा वर्षांचा पोरगा ऐटीत उभा राहायचो. मान फुकट मिळाला की तो आपलाच आहे असं वाटायला लागतं.

१९९९च्या दिवाळीत त्यांनी टीव्हीवर लावायचा व्हिडिओ गेम आणला. गोंदियातल्या एका घरची साफसफाईत निघालेली अडगळ होती ती. डबा फुटका, एका रिमोटची वायर कुरतडलेली. मामाजींनी ती सोलून, जोडून, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि माझ्यापुढे ठेवली. पुढे त्यांना कॅसेटींचा नादच लागला. तो नाद त्यांनी इतक्या स्वस्तात भागवला की चिंगूसपणाचं काही बक्षीस असतं तर ते त्यांच्याच घरी आलं असतं. दिवाळीच्या आधी काही घ्यायचं नाही, हा पहिला नियम. "आता दुकानदार ताठ्यात रायते. चार दिवस जाऊ दे, मंग वाकते." भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईची जत्रा भरायला लागते, आज या गावची तर उद्या त्या गावची. लेकी, जावई, भाचे गावी येतात, भरदिवसा दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक, रंगते, खेळण्यांची नि भांड्यांची दुकानं लागतात. मामाजी मला सायकलच्या दांडीवर बसवून मंडईमागून मंडई करायचे. पण दुकानापाशी लगेच जायचे नाहीत. दुकानदार ताडपत्री गुंडाळायला लागला, की मग जणू सहज तिकडून चालल्यासारखे थांबायचे. परत ओझं वाहून न्यायचं कुणाच्या जिवावर येत नाही? भाव आपोआप खाली यायचा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की वैतागलेल्या आईबापांनी कबाडीवाल्याला देऊन टाकलेल्या कॅसेटी वेगळ्याच.

दुसरा नियम मात्र स्वस्ताईचा नव्हता. एकदा एका दुकानदारानं त्यांच्यापुढे एक चकचकीत कॅसेट धरली. "भैया, अकेले का गेम है, पर एकदम नया. ले जाओ, आधे में देता हूँ." मामाजींनी ती हातातसुद्धा घेतली नाही. "अकेले का लेके क्या करूँगा? दो का दिखाओ." मला त्या कॅसेटवरचं विमान फार आवडलं होतं. मी रुसून सायकलच्या दांडीवर बसलो. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "एकट्याचा गेम कायले घ्यायचा बाबू? एकटं तं मी तसाई रायतो." तेव्हा मला विमान गेल्याचंच दुःख होतं. वेष्टनावरच्या चित्राचा त्यांना भरवसा नव्हता, कारण चित्र एक आणि आत भलतंच, असं दोनदा झालं होतं. म्हणून दंडारीच्या लाउडस्पीकरवाल्याशी त्यांनी दोस्ती केली. सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेला गेमचा सेट नि आपला छोटा काळापांढरा टीव्ही त्याच्या जनरेटरवर लावायचे आणि कॅसेट घालून फक्त एवढंच बघायचे, की पडद्यावर दोन जणांचा पर्याय येतो की नाही. दंडारीतला राजा तोंडाला रंग फासून मागे उभा राहून बघायचा. "एक डाव खेलू दे ना गा," तो म्हणायचा. मामाजी टीव्ही बंद करायचे. "पयला डाव भाच्याचा."

आणि तो खरंच भाच्याचा असायचा. घरी आलो की कॅसेटच्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा लागायचा. त्यावर बॉलपेननं मंडईचं गाव, आणि खाली 'पहिला डाव' असं लिहून पुढे जागा कोरी. मग सेट लागायचा. एक नंबरचा रिमोट माझा, दोन नंबरचा त्यांचा. सुरू करायचं बटण फक्त एक नंबरवर होतं. "सुरू तू कर. मी हावो तुया मांगं," असं म्हणून ते मांडी घालून बसायचे. मी बटण दाबल्याशिवाय त्यांचा खेळ सुरूच व्हायचा नाही. रणगाड्यांचा एक गेम आमचा लाडका होता. मी लहानपणी त्यात हटकून गोंधळायचो, भिंतीत अडकून राहायचो, आणि मामाजी आपला रणगाडा माझ्याभोवती फिरवत येणारा प्रत्येक शत्रू टिपायचे. स्वतः पुढे कधी जायचे नाहीत. लाइट गेली की सगळं पुसलं जायचं आणि लाइट तर रोजच जायची. मी चिडायचो, ते म्हणायचे, "बरंच हाय ना, पुन्हा सुरू करता येते." डाव संपला की चिकटपट्टीवर माझं नाव लिहायचे. त्यानंतर ती कॅसेट गावातल्या सगळ्या पोरांना मोकळी.

मग माझं जे व्हायचं तेच झालं. बारावी, कॉलेज, पुण्याची नोकरी. २००९च्या दिवाळीनंतर मी मंडईला गेलो नाही. मामाजी दर वर्षी फोन करायचे आणि मी दर वर्षी पुढच्या वर्षीचा वायदा करायचो. माझ्या लग्नात त्यांनी मांडवात सगळ्यांदेखत माझे पाय धरले, तेव्हा माझे ऑफिसचे मित्र बघत होते म्हणून मला लाज वाटली आणि मी पाय मागे घेतला. त्यांनी ते पाहिलं. उठून, हात झटकून ते जेवणाच्या पंगतीकडे गेले. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

तेरवीनंतर आई म्हणाली, "ते पेटी तूच पाह्य बापा. माया हातून नाई होत." मी त्यांच्या खोलीत गेलो. खाट, कोपऱ्यात टीव्ही, खुंटीला मिलचा शर्ट. पेटीत कॅसेटी जुन्या धोतराच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून ठेवलेल्या. मी त्या काढून जमिनीवर मांडत गेलो. प्रत्येकीवर गाव, आणि पुढे माझं नाव. माझं नाव, माझं नाव... मग ते येईनासं झालं. गावं होती. पण 'पहिला डाव' या शब्दांपुढची जागा कोरी. एक, दोन, सात कॅसेटी तशाच. मी न आलेल्या सात दिवाळ्यांच्या.

तोवर दारात शेजारचा एक तरुण येऊन उभा राहिला होता. लहानपणी तोही इथे खेळायला यायचा. मी त्याला विचारलं, "या कुणी खेळल्याच नाहीत का?"

"कसे खेलन? तुमचे मामाजी हात लावू देत नोहोते. म्हणत, 'पयले त्याले येऊ द्या.' मंग आमी मोबाइल घेतले. पोट्टे येनंच बंद झाले."

तो गेल्यावर मी सातही लावून पाहिल्या. मला वाटलं होतं, निदान शेवटी तरी या माणसानं स्वतःसाठी एखादा एकट्याचा गेम घेतला असेल. कुणी येणार नाही हे कळायला सात वर्षं पुरे असतात. पण प्रत्येक कॅसेटवर दोन जणांचा पर्याय होता. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या त्या अख्ख्या पेटीत फक्त एकट्यासाठी म्हणून घेतलेलं काही नव्हतं.

शेवटची कॅसेट गेल्या दिवाळीची, आमच्या रणगाड्यांच्या गेमचीच कुठलीशी नवी नक्कल. मी दोन नंबरचा रिमोट त्यांच्या बसायच्या जागी ठेवला, दोन जणांचा पर्याय निवडला आणि बटण दाबलं. पडद्यावर दोन रणगाडे आले. माझा निघाला. त्यांचा होता तिथेच उभा राहिला. शत्रू वरून उतरायला लागले, तसा मी पुढे न जाता मागे वळलो आणि त्या उभ्या रणगाड्याभोवती फिरत राहिलो, येईल त्याला टिपत. पुढे जायचं मला भानच नव्हतं. बराच वेळ मी त्यांना गोळी लागू दिली नाही... मग लाइट गेली.

खोलीत दुपारचं ऊन होतं. पेन माझ्या खिशात होतं. कॅसेट काढून मी तिच्या पाठीवरची ती कोरी जागा पाहिली, आणि ती तशीच ठेवून कॅसेट पुन्हा धोतराच्या तुकड्यात गुंडाळली. पहिला डाव अजून झालेला नव्हता.