माळवदावरच्या कौसाकाकू

कौसाकाकूंची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्या माझ्या डोक्यावर होत्या. मिरजगावजवळच्या एका खेड्यात शाळेवर माझी नेमणूक झाली होती आणि काकूंच्या घरातली रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली होती. पहिल्याच सकाळी गॅसवर दूध ठेवून मी केस विंचरत होते. एवढ्यात आवाज आला, "बाई, दूध उतू चाललंय." मी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, कुणीच नव्हतं. मग मान वर केली. छताला उजेडासाठी ठेवलेलं एक भोक होतं, तिकडे त्याला सवणं म्हणतात. त्यातून ठसठशीत कुंकवाचं एक तोंड खाली बघत होतं. मी किंचाळले आणि तेवढ्यात दूध गेलंच. "आता पुसून घ्या," असं म्हणून तोंड नाहीसं झालं.

मी कोपरगावची. आमच्याकडे सगळी स्लॅबची घरं. वर पाण्याची टाकी आणि डिशची छत्री, त्यापलीकडे छताशी आमचा संबंध नाही. इथे मात्र माळवद हे अर्धं घर होतं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, वर मातीचा हातभर थर, आणि दर वर्षी पावसाआधी त्यावर पसरून चोपलेली पांढरी माती. उन्हाळ्यात खाली असा गारवा, की शाळेतून आल्यावर जमिनीवर नुसतं पडून राहावंसं वाटे. काकूंच्या मिरच्या, डाळी, कुरडया, धुणं, गप्पा, सगळं वर. आळीतली घरं एकमेकांना चिकटलेली असल्याने काकू भाजी मागायला रस्त्यावर उतरतच नसत. माळवदामाळवदाने जाऊन ज्याच्या त्याच्या सवण्यातून हाक मारत.

मला हे काही रुचेना. एक दिवस मी सवण्यावर पुठ्ठा टाकून वर दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा गायब. जाब विचारला तर म्हणाल्या, "कोंडून मरचाल. तुमी काय खाता, काय करता, ते बगायला मला येळ हाय व्हय?" आणि जिन्यावरून वर जाता जाता पुढे म्हणाल्या, "कालची वांगी मातुर करपली हुती." त्यानंतर मी तो नाद सोडला. खरं सांगते, परक्या गावात एकटीने राहताना कुणीतरी वरून डोकावतंय याचा मला पुढे पुढे आधारच वाटायला लागला.

काकूंच्या घराला लागून त्यांच्या धाकट्या दिराचं, भानुदासचं घर होतं. मूळचं एकच घर, वाटणीत दोन झालेलं. काकूंचे यजमान बापू आणि भानुदास यांच्यात बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून बिनसलं होतं. झाड कधीच वाळून गेलं, अबोला मात्र हिरवागार राहिला. अंगणात मधोमध भिंत घातलेली. समोरासमोर आले तर एक भाऊ आकाशाकडे बघे, दुसरा चपलेकडे. पण माळवद एकच होतं. काकू तिकडे कालवण घेऊन जात, धाकटी जाऊ संगीता इकडे ताक घेऊन येई. बापूंना बाजारातून काय हवंय ते भानुदासला बरोबर कळे, भानुदासचा ताप उतरला की नाही ते बापूंना कळे, आणि दोघेही आपण एकमेकांचं तोंड पाहत नाही म्हणून ताठ मानेने फिरत. मी एकदा काकूंना विचारलं, "बापूंना चालतं का हे?" त्या म्हणाल्या, "वाटन्या झाल्या त्या खाली. वर कुठं झाल्यात?"

मग भानुदासच्या मुलाच्या लग्नाचं निघालं. मुलगा चांगला, दुधाचा धंदा जोरात, पण मुलीकडचे येत, चहा पीत, मान वर करून छत बघत आणि कळवतो म्हणून जात. हल्ली तिकडे जमिनीच्या आधी विचारतात, स्लॅब आहे का? शेवटी एके ठिकाणी जमलं, पण अट एकच, लग्नाआधी स्लॅब पडला पाहिजे. भानुदासने आपल्या बाजूचं माळवद उतरवलं. तुळया निघाल्या त्या दिवशी काकू दिवसभर खाली बसून होत्या. "आता ते घर वर गेलं आन् आमी खाली ऱ्हायलो," एवढंच म्हणाल्या. नवा स्लॅब काकूंच्या माळवदापेक्षा कमरेइतका उंच येणार होता आणि गवंडी त्याला चारी बाजूंनी कठडा बांधणार होता. काकूंचा जीव त्या कठड्यात अडकला होता. तो झाला की दोन घरांमधली उरलेली एकमेव वाट बंद होणार होती.

ऐन चैत्रात स्लॅब पडला. नारळ फुटला, सगळ्या आळीला जिलेबी मिळाली, भिंतीपलीकडच्या बापूंना तेवढी नाही. गवंड्याने स्लॅबवर पाणी साठवायला वाफे बांधून दिले आणि बजावलं की पाणी हटू देऊ नका, नाहीतर तडे जातील. आणि नेमकी भानुदासची बोअर आटली. टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना. बापूंच्या बोअरला पाणी होतं, हौद भरलेला होता. पण भानुदास मागणार नाही आणि बापू देणार नाहीत, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. दुपारपर्यंत स्लॅब पांढरा पडायला लागला. संगीता वर उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

काकूंनी मोटार लावली, पाइप घेतला आणि भर उन्हात माळवदावर उभं राहून धार सोडली. मी सुट्टीमुळे घरीच होते. बापू अंगणातून ओरडले, "मोटार कुनी लावली?"

"मी लावली."

"पानी कुठं चाललंय?"

"स्लॅबला."

"कुनाच्या?"

"आपल्या."

बापूंनी जाऊन बटण बंद केलं. काकू खाली उतरल्या, हौदातून हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि जिना चढायला लागल्या. गुडघे दुखत म्हणून एरवी त्या जिना चढताना मधे थांबत. त्या दिवशी थांबल्या नाहीत. मी दुसरा हंडा घेतला तर म्हणाल्या, "तुमी ठिवा बाई. ह्ये आमच्या घरातलं हाय." बापू ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. काकू वर गेल्या, आल्या, पुन्हा गेल्या. मग एकदा त्या खाली येऊन हौदाशी वाकल्या आणि मोटार घरघरली. बटणापाशी बापू उभे होते, भिंतीकडे तोंड करून. "गुडघं मोडून घेशील," एवढंच म्हणाले.

पुढे काही दिवस ती मोटार सकाळ-दुपार-संध्याकाळ चालली. गवंडी कठडा बांधायला आला तेव्हा काकूंच्या बाजूला भानुदासने माणूस जाईल एवढी जागा सोडायला लावली आणि तिथून खालच्या माळवदावर उतरायला पायऱ्या करून घेतल्या. लग्नात काकू त्याच पायऱ्यांनी वर गेल्या. बापू गेले नाहीत. वरमाय कुठे आहे, आहेर कुठे ठेवला, हे मात्र ते काकूंना खालून विचारत राहिले.

माझी बदली झाली. मागच्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्याचं कळलं. मला जायला उशीर झाला. गेले तेव्हा बापू माळवदावर घोंगडी टाकून बसले होते, अंगाने निम्मे झालेले. बोलत होतो एवढ्यात भानुदास पायऱ्या उतरून आला, हातात चहाचे पेले.

"बापू, साखर कमी टाकलीय."

"दे. संगीताचं डोकं दुखायचं राहिलं का?"

"राहिलं."

मी दोघांकडे बघतच राहिले. भानुदास रिकामे पेले घेऊन परत गेल्यावर मला राहवलं नाही. "बापू, बोलायला लागलात तुम्ही?"

बापूंनी घोंगडीची दशी ओढली.

"न बोलून कसं चालंल, बाई? ती हुती तवर आमाला बोलायची गरजच पडली न्हाई."